काजबाई सिग्नलला उतरल्या

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्यांना काजबाई म्हणत. शर्टाच्या पट्टीवर काजं पाडायची आणि समोरच्या पट्टीवर बटणं टाचायची, एवढंच काम त्या लग्नाच्या आधीपासून करत आल्या होत्या. मशीन बदललं, मालक बदलले, मालकाची मुलगी मालकीणबाई झाली, पण खिडकीजवळची ती खुर्ची काजबाईंचीच राहिली. घरी मुलगा त्यांना आई म्हणे, नात आजी म्हणे आणि यजमानांचं सगळं आयुष्य 'अगं' एवढ्यावर भागलं होतं.

त्यांचं वेड एकच होतं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे कोणालाच नीटसं ठाऊक नव्हतं. त्यांच्या तरुणपणी एक गायक एकदम वर आला होता. करड्या रंगाचा कोट घालायचा, मान जराशी कलती ठेवायचा आणि खालच्या सुरात असा घुमायचा, की लोकांनी त्याचं नावच पारवा ठेवलं. कारखान्यातल्या रेडिओवर त्याचं गाणं लागलं की पोरी मशीनं थांबवायच्या आणि सुपरवायझर ओरडायला लागायचा. बाकीच्या पोरींचं वेड लग्नानंतर ओसरलं. काजबाईंचं ओसरलं नाही. पारव्याचा कार्यक्रम त्यांच्या गावात दोनदा झाला. पहिल्या वेळी वडील नको म्हणाले, दुसऱ्या वेळी मुलाला गोवर निघाला होता. पुढे पारवा आजारी पडला आणि गेला. ती बातमी रेडिओवर आली त्या दिवशी काजबाईंनी एका शर्टाला एक काज जास्तीचं पाडलं. तसं त्यांच्या हातून पुन्हा कधी झालं नाही.

पारवा ज्या शहरात जन्मला आणि वाढला, ते बसने अर्ध्या दिवसाच्याही आतलं. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला तिथे माणसं जमतात, हे काजबाईंनी ऐकलं होतं, वाचलं होतं आणि अलीकडे फोनवर पाहिलंही होतं. चष्म्याच्या दुकानावरचं जन्माचं घर, गायक होण्याआधी तो ज्या लॉन्ड्रीत कपडे पोचवायचा ती लॉन्ड्री, पहिलं गाणं ध्वनिमुद्रित झालं तो स्टुडिओ, अशी पायी पायी फेरी करत ती माणसं शेवटी एका लहानशा नाट्यगृहात जात. पारवा तिथे पहिल्यांदा गायला होता. तिथे त्याचा तो करडा कोट काचेच्या कपाटात ठेवलेला होता, आणि कपाटाचं दार वर्षातून त्या एकाच दिवशी उघडे. काजबाईंना सगळंच पाहायचं होतं, पण खरा जीव अडकला होता कोटात. फोटोत त्या कोटाची काजं कधीच स्पष्ट दिसत नसत. ती हातानं केलेली की मशीनवरची, हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षं छळत होता. असल्या प्रश्नाबद्दल कोणाशी बोलणार?

त्या वर्षी जेवायला बसलेले असताना त्या म्हणाल्या, "मी पारव्याच्या दिवशी शहरात जाऊन येते. सकाळच्या बसने जाईन, संध्याकाळी परत."

यजमानांचा घास हातातच राहिला. "एकटी?"

"एकटीच. फेरी आहे ना ती, माणसं असतात बरोबर."

मुलगा म्हणाला, "आई, एकटी कशाला? तू कधी काही मागत नाहीस. आपण सगळेच जाऊ. मी गाडी सांगतो."

सून म्हणाली, "आईंना बसनेच जायचं असेल तर..." पण तिचं बोलणं नातीच्या टाळ्यांत बुडून गेलं. कोणी नको म्हटलं असतं तर काजबाईंना निदान भांडता आलं असतं. इथे सगळे इतक्या आनंदानं हो म्हणाले, की तोंड उघडायला जागाच उरली नाही.

गाडी आली ती सरकत्या दाराची, मोठी. पुढे ड्रायव्हरशेजारी यजमान बसले, कारण रस्ता दाखवायचा होता. ते त्या शहरात याआधी एकदा गेले होते, नोकरीत असताना, पाणीखात्याच्या प्रशिक्षणाला. मधल्या सीटवर काजबाई, नात आणि सून. मागे मुलगा आणि सुनेची आई. विहीणबाईंची बहीण त्याच शहरात राहत असे, तेव्हा जाता जाता त्यांचंही काम होणार होतं. यजमानांना पंपाचा एक व्हॉल्व्ह हवा होता, तो म्हणे फक्त तिथल्याच बाजारात मिळतो. मुलाला बूट बघायचे होते. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत काजबाईंच्या सहलीत त्यांचं स्वतःचं काय आहे, हे शोधावं लागेल अशी स्थिती झाली.

आधी व्हॉल्व्ह झाला. दुकानदाराकडचा व्हॉल्व्ह यजमानांच्या मनासारखा नव्हता, मग पुढचं दुकान, मग त्याच्या पुढचं. काजबाई गाडीत बसून राहिल्या. नात झोपली होती, आणि तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

जन्माच्या घराशी पोचले तेव्हा रस्ता तुंबलेला. चष्म्याच्या दुकानासमोर करडे मफलर घातलेली माणसं उभी होती, कोणीतरी बाल्कनीच्या कठड्याला करडी रिबन बांधत होतं. "इथे थांबता यायचं नाही," ड्रायव्हर म्हणाला. "बघून घ्या पटकन." पटकन म्हणजे किती, तर विहीणबाईंनी "कुठंय, कुठंय?" म्हणत मान मध्ये घातली तेवढा वेळ. काजबाईंना बाल्कनीचा खालचा भाग दिसला आणि एक वाळत घातलेला टॉवेल.

लॉन्ड्रीजवळ मात्र जागा मिळाली. काजबाई उतरल्या, आत गेल्या. इस्त्रीची गरम वाफ, ओल्या सुताचा वास, छताला टांगलेले कपडे. याच दांडीखालून तो वाकून जात असेल. म्हातारा लॉन्ड्रीवाला आपणहून बोलू लागला होता, "तो काय करायचा माहितीये, सायकलवर बसायच्या आधी..." आणि तेवढ्यात यजमान आत आले. त्यांची नजर सरळ बॉयलरच्या नळावर गेली. "अहो, हे गळतंय! वायसर कधी बदललाय?" मग दोघे वायसरवर बोलले, पाण्याच्या दाबावर बोलले, खात्यातल्या नव्या पोरांना काही येत नाही यावर दोघांचं एकमत झालं. सायकलवर बसायच्या आधी पारवा काय करायचा, ते राहूनच गेलं. "चला, चला," यजमान हात पुसत म्हणाले, "भला माणूस निघाला."

स्टुडिओच्या जागी व्यायामशाळा झालेली होती. मुलानं सगळ्यांना दारासमोर उभं करून फोटो काढले. शेजारच्या दारावर पारव्याच्या नावाची पाटी होती, पण ती दिसेपर्यंत नातीला शूची घाई झाली होती.

विहीणबाईंच्या बहिणीकडे जेवण लांबलं. नवं घर होतं, प्रत्येक खोली पाहावी लागली, प्रत्येक कपाट उघडून दाखवलं गेलं. काजबाई वाहवा म्हणत होत्या आणि भिंतीवरचं घड्याळ चुकवत होत्या. गाडीत परत बसले तेव्हा उन्हं उतरली होती.

"आता नाट्यगृह," काजबाई म्हणाल्या.

यजमानांनी पुढून मागे पाहिलंही नाही. "आता कुठे? अंधार पडायच्या आत हायवेला लागायला हवं."

"जवळच आहे."

"आई, बघितलं ना आज इतकं?" मुलगा मागून म्हणाला. तो फोनवर बुटांचे भाव बघत होता. "पुढच्या वर्षी परत येऊ. आधी नाट्यगृहच करू."

"बरं," काजबाई म्हणाल्या.

हे 'बरं' त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते श्वासासारखं आपोआप बाहेर पडे. ते म्हटलं, आणि त्यांना गाडीत हवाच नाही असं वाटू लागलं. काच उघडायला गेल्या तर विहीणबाई म्हणाल्या, "नको हो, कानात वारं जातं." पाय हलवावा तर पायाशी पिशव्या. मान वळवावी तर खांद्यावर नातीचं डोकं. सगळी आपली माणसं, सगळी प्रेमाची, आणि कुठेही बोटभर जागा नाही.

सिग्नल लाल झाला. गाडी डाव्या कडेला थांबली. यजमान ड्रायव्हरला हायवेचा रस्ता समजावत होते, मुलगा फोनमध्ये होता, विहीणबाई पेंगत होत्या आणि सून डोळे मिटून होती. लगतच्या फुटपाथवरून करड्या मफलरांची रांग चालली होती. म्हातारे होते, तरुण होते, एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन होती. कोणी घाईत नव्हतं. काजबाईंनी नातीचं डोकं उचलून हळूच सीटवर ठेवलं आणि दाराचा खटका ओढला. दार सरकलं. सुनेनं डोळे उघडले. दोघींची नजरानजर झाली. सुनेनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, आणि डोळे पुन्हा मिटून घेतले. काजबाई उतरल्या, दार बाहेरून ओढून घेतलं आणि चालू लागल्या. मागे हॉर्न वाजले, गाडी पुढे गेली.

नाट्यगृहापर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. चप्पल एकदा निसटली, पण पाय थांबले नाहीत. आत गर्दी होती तरी शांतता होती. रांग हळूहळू सरकत होती. त्यांच्या पुढे एक दांडगी, बसकंडक्टर बाई होती. सुट्टी काढून आली होती आणि गणवेशाचा शर्ट तसाच अंगात होता. "पहिल्यांदा आलात?" तिनं विचारलं. काजबाईंनी मान हलवली. "मग मागे काय उभ्या राहता? या, पुढे व्हा."

आणि कोट समोर आला.

तो फोटोत दिसायचा त्यापेक्षा लहान होता. कोपरांवर झिजलेला, कॉलर उन्हानं विटलेली. काजबाई वाकल्या. काजं हातानं केलेली होती. आणि फार काही चांगली नव्हती. वरची दोन नेटकी, टाक्याला टाका लागलेला. तिसऱ्याला हात थकला असावा, टाके विरळ पडले होते. शेवटच्यात धागा सुटून लोंबत होता. कोणीतरी घाईनं, कदाचित कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, कमी उजेडात बसून केलेलं काम. आईनं केलं असेल? की त्यानंच? काजबाईंच्या बोटांना तो सुटलेला धागा ओवून घ्यायची अशी काही ऊर्मी आली, की त्यांनी हात पाठीमागे धरले.

"रडताय का हो?" कंडक्टरबाईनं विचारलं.

"नाही हो," काजबाई म्हणाल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण रडतोय.

मग सगळे खुर्च्यांवर बसून गायले. कोणी वाद्य आणलं नव्हतं, ज्याला जे आठवेल ते तो सुरू करी आणि बाकीचे उचलून धरत. काजबाई आजवर मशीनच्या आवाजाआड गात आल्या होत्या, आपला आवाज कसा आहे ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. तो बरा होता. कंडक्टरबाईनं वळून पाहिलं आणि अंगठा दाखवला.

बाहेर दिवे लागले, माणसं पांगू लागली, आणि काजबाईंनी सवयीनं पर्स चाचपली. पर्स गाडीत होती. फोन पर्समध्ये. कंडक्टरबाईनं आपला फोन पुढे केला, "नंबर सांगा." काजबाईंना एकच नंबर पाठ होता, घरच्या जुन्या फोनचा, आणि तो फोन काढून टाकून जमाना झाला होता. मुलाचा नंबर त्या नावावर बोट ठेवून लावत, आकडे कधी पाहिलेच नव्हते.

"मग चौकीवर जाऊ," कंडक्टरबाई म्हणाली. "तुमची माणसं तिथेच आली असतील बघा."

आली होती. पोलीस चौकीच्या बाकावर यजमान काजबाईंची पर्स मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. मुलगा टेबलाशी उभा राहून सांगत होता, "जांभळा स्वेटर, चष्मा, बोलायला हळू..." काजबाईंना पाहताच यजमान उठले, आणि काजबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना हुंदका देऊन रडताना पाहिलं.

"कुठे हरवलीस गं तू?"

"हरवले नव्हते. उतरले होते."

"हो, हो, असू दे," यजमान डोळे पुसत म्हणाले. "सापडलीस ना."

खरं तर त्यांना राग यायला हवा होता, पण त्या रडण्यापुढे राग कुठे ठेवावा ते काजबाईंना सुचेना. कंडक्टरबाई निघताना हळूच म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी नंबर पाठ करून या," आणि गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

परतीच्या वाटेवर दाराशी मुलगा बसला, आणि काजबाई मध्ये.

पुढच्या आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे नेलं. विहीणबाईंच्या दिराच्या विसरण्याच्या आजाराचीही म्हणे सुरुवात अशीच झाली होती, एके दिवशी चालत्या बसमधून उतरला. डॉक्टर तरुण आणि गोड बोलणारे होते. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, तीन शब्द लक्षात ठेवा. काजबाईंनी सगळं बरोबर सांगितलं.

"छान. आता मला सांगा आजी, त्या दिवशी गाडीतून का उतरलात?"

"काज बघायला."

"कसलं काज?"

"कोटाचं. हातानं केलेलं आहे की मशीनवर, ते बघायचं होतं."

"कोणाचा कोट?"

"पारव्याचा."

डॉक्टरांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं खाली पाहिलं. "पारवा म्हणजे पक्षी नाही हो," काजबाई घाईनं म्हणाल्या, "गायक," पण बोलता बोलताच त्यांना कळलं की हे जितकं समजावून सांगू तितके आपण जास्त रुतत जाणार. सून भिंतीशी उभी होती. काजबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सून ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती.

गोळ्या सुरू झाल्या. गळ्यात एक प्लास्टिकचं कार्ड आलं, नातीच्या शाळेच्या कार्डासारखंच, त्यावर मुलाचा नंबर. नातीला फार आनंद झाला, "आजी, तू कोणत्या वर्गात?" बाहेरच्या दाराला, काजबाईंचा हात पोचू नये इतक्या वर, एक कडी बसली. मुलगा कारखान्यात जाऊन सांगून आला की आई आता येणार नाही, तिला आरामाची गरज आहे. खिडकीजवळच्या खुर्चीचं काय झालं, हे विचारायचीही काजबाईंना सोय उरली नाही, कारण काहीही विचारलं की यजमान मऊ आवाजात म्हणत, "तू नको काळजी करूस." पूर्वी ते असं मऊ बोलत नसत. पूर्वी ते भांडत. काजबाईंना त्या भांडणाची आठवण येई.

एका दुपारी स्वयंपाकघरात सून भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, मी जागी होते त्या दिवशी."

"माहितीये."

"डॉक्टरांसमोर सांगायला हवं होतं मी. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, थांबवलं का नाहीस." ती ताट पुसतच राहिली, ते कोरडं होऊन गेलं तरी. "दार उघडं होतं ना, तेव्हा माझ्या मनात आलं, आपणही उतरावं. कुठे जायचं ते माहीत नव्हतं. नुसतं उतरावं."

काजबाईंनी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि फळीवर ठेवलं. "पुढच्या वेळी आधी पर्स घे," त्या म्हणाल्या. दोघी हसल्या, आणि बाहेर यजमानांची चाहूल लागताच गप्प झाल्या.

शाळा उघडायच्या आधीचा हंगाम आला. कारखान्यात या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते, हे काजबाईंना घरबसल्या ऐकू येत असल्यासारखं वाटे. एके सकाळी यजमान अंघोळीला गेले. सुनेनं काही न बोलता हात उंचावून वरची कडी काढली आणि आत निघून गेली. काजबाई नेहमीच्या रस्त्यानं चालत कारखान्यात गेल्या. त्यांच्या खुर्चीवर एक नवीन मुलगी काजं वाकडी पाडत होती. मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं, गळ्यातलं कार्ड पाहिलं, कोपऱ्यातला शर्टांचा ढीग पाहिला. "तुमच्या मुलाला काय सांगू?"

"मी इथे आहे म्हणून सांगा. नंबर हा इथे आहे." काजबाईंनी कार्ड पुढे केलं.

अर्ध्या तासात यजमान आले, ओल्या केसांनी, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. पण काजबाईंचा पाय पायडलवर होता, मशीन पळत होतं, आणि शर्टाच्या पट्टीवर एकामागून एक सरळ काजं पडत होती. यजमान बराच वेळ ते बघत उभे राहिले. मग त्यांनी एक स्टूल ओढलं आणि बायकोच्या शेजारी बसले.

"हात रिकामे ठेवू नका," मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांना एक लहान कात्री दिली. "धागे कापा."

तेव्हापासून रोजचं तेच झालं. काजबाई सकाळी निघत, यजमान बरोबर निघत. त्या काजं पाडत, ते शेजारी बसून धागे कापत, कधी टाकाच मुळापासून कापून टाकत आणि बोलणी खात. काजबाई पाणी प्यायला उठल्या की ते उठत. "कुठे?" "पाणी." "चल, मी येतो." बाकीच्या बायकांना हे फार गोड वाटे. काय प्रेम आहे बाई या वयात! काजबाई हसत. काम परत मिळालं होतं, खिडकी परत मिळाली होती, आणि खिडकीच्या नि त्यांच्या मध्ये आता एक स्टूल होतं.

पारव्याचा दिवस जवळ येऊ लागला तशी एका दुपारी काजबाईंनी मशीन थांबवलं. "यंदा मी जाणार आहे. बसने. एकटी. नंबर पाठ केलाय मी." आणि त्यांनी मुलाचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला.

यजमानांनी मान वर केली नाही. एक धागा कापला, दुसरा कापला. शर्ट झटकला, घडी घातली.

"पहिली बस फार लवकर असते," ते शेवटी म्हणाले. "दोन सीटा मिळतात का बघतो."

काजबाईंनी त्यांच्या हातातला शर्ट घेतला, एक राहिलेला धागा स्वतः कापला, आणि पायडलवर पाय दाबला.